इतर किरकोळ सामान

ते प्रकरण आठवायला मला फाईल उघडावी लागत नाही. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर पेन्सिलीनं काढलेलं एका घराच्या हॉलचं चित्र टांगलंय. त्याच्याकडे नजर गेली की सगळं जसंच्या तसं समोर उभं राहतं. पोलीस खात्यात उभी हयात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि निवृत्तीनंतर भेटणारे लोक त्यांच्याबद्दलच विचारतात. मला मात्र आठवतो एक डबा. तळहाताएवढा, काळा, पुढे दोन बारीक दिवे असलेला.

मी तेव्हा भाईंदर पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो, गुन्ह्यांच्या तपासाची जबाबदारी माझ्याकडे होती. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाला ईमेल आला: इमारतीत बॉम्ब ठेवलाय, तासाभरात फुटेल. ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि आम्ही निघालो. बॉम्बशोधक पथक आलं, श्वानपथक आलं, रुग्णांना खाली उतरवायला सुरुवात झाली. सलाइनच्या बाटल्या हातात धरून माणसं जिना उतरत होती. आवारात बदामाच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाळंतीण बसली होती. त्याच पहाटे मोकळी झालेली. तिच्या सासूबाई बाळावर छत्री धरून उभ्या होत्या.

"साहेब, किती वेळ बसवणार अजून? पोर चार तासांचं आहे हो," त्या म्हणाल्या.

 इमारतीचा कोपरा न् कोपरा तपासला, काही सापडलं नाही. अफवाच होती. पण ती छत्री माझ्या डोक्यात बसली. हे ज्यानं केलंय त्याला सोडायचं नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. रागानं ठरवलेल्या गोष्टी तपासात फार महाग पडतात, हे मला इतक्या वर्षांनंतर तरी कळायला हवं होतं.

आमच्या भागातला असा हा तिसरा ईमेल. आधीचे दोन तपास एका भिंतीला जाऊन धडकले होते. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो, त्यावरून ती जोडणी कुणाच्या घरची हे कंपनीला विचारता येतं. पण स्वतःचा क्रमांक झाकून देणाऱ्या सेवाही असतात. त्यात सगळंच वाईट नाही. छळ होणाऱ्या बायका, बातमीदार, व्यवहार सुरक्षित ठेवू पाहणारी साधी माणसं अशा सेवा वापरतात. आमच्या तपासात मात्र आधी दोनदा एका परदेशी सेवेचं नाव आलं होतं. तिची जाहिरात भामट्यांच्या अड्ड्यांवर चालायची, आणि त्या जाहिरातीत लिहिलेलं होतं की आम्ही कुठल्याच पोलिसांना उत्तर देत नाही. आम्ही पत्रं पाठवली. खरोखरच उत्तर आलं नाही.

या वेळी मात्र क्रमांक निघाला आपल्याच शहरातला. कंपनीचं उत्तर दोन दिवसांत आलं: गोडदेव, अमुक इमारत, तिसरा मजला. मी इतका खूश झालो की सगळ्यांना माझ्यातर्फे वडापाव सांगितला.

त्या घरात राहत होते मराठी शाळेतले चित्रकलेचे शिक्षक आणि त्यांच्या म्हाताऱ्या आई. शिक्षकांना मी इथे मास्तर म्हणतो. बारीक अंगाचे, हळू बोलणारे, निवृत्तीला वर्षभर राहिलेले. गिरगावातली खोली सोडून कुटुंब वीसेक वर्षांपूर्वी इकडे आलेलं. आदल्या वर्षी त्यांची पत्नी वारली होती. कुठे? तर त्याच रुग्णालयात. आणि उपचारात हयगय झाली म्हणून मास्तरांनी रुग्णालयाकडे तीन लेखी तक्रारी केल्या होत्या. एकाही तक्रारीचं उत्तर त्यांना मिळालं नव्हतं.

पोलिसाला आणखी काय हवं असतं? क्रमांक कागदावर, माणूस घरात आणि कारण त्याच्या मनात. आम्ही चौघं त्या हॉलमध्ये शिरलो. शेजारचे दोन पंच बोलावले. संगणक आणि फोन जप्त केला. आमचे हवालदार, मूळचे रत्नागिरीकडचे, अक्षर मोत्यासारखं, ते पंचनामा लिहीत होते. मी घाई करत होतो.

"सगळं लिहीत बसू नका हो. दिवस जाईल इथंच."

हवालदारांनी लिहिलं, "दूरदर्शन संच, सोफा, कपाट व इतर किरकोळ सामान." झालं. हे शब्द आमच्या खात्यात इतके रुळलेले आहेत की हात आपोआप लिहितो. मीही आयुष्यात शेकडो वेळा लिहिले असतील.

मास्तरांना नोटीस देऊन ठाण्यात बोलावलं. अटक केली नाही, पण सलग चार दिवस सकाळी दहाला बोलवायचं, बाकावर बसवून ठेवायचं, मग तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. ही जुनी पद्धत. माणूस कंटाळतो, चिडतो, आणि चिडला की बोलतो. मास्तर चिडले नाहीत.

"रुग्णालयावर राग आहे ना तुमचा?" मी विचारलं.

"आहे."

"मग?"

"मग तक्रार केली, साहेब. तीनदा. खाली सही करून, पत्ता घालून. धमकीच द्यायची असती तर सही कशाला केली असती?"

मला ते उत्तर आवडलं नाही. बरोबर होतं म्हणूनच आवडलं नसावं.

गोडदेवसारख्या दाट वस्तीत पोलिसांची गाडी येऊन गेली की बाकी काही सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी इमारतीतल्या लोकांनी जिन्यात मास्तरांशी बोलणं बंद केलं. शनिवारी संध्याकाळी ते घरी मुलांचा चित्रकलेचा वर्ग फुकट घ्यायचे. त्या शनिवारी एकही मूल आलं नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन गेला की प्रकरण मिटेपर्यंत तुम्ही रजेवर राहा. शासनाच्या एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला तेव्हा पाच आठवडे उरले होते, आणि त्यांच्या शेवटच्या वर्गातली चौतीस मुलं तिला बसणार होती. मास्तरांना स्वतःच्या नावाची काळजी होतीच. पण बाकावर बसल्या बसल्या ते जे बोलून गेले ते मुलांबद्दल.

"वस्तुचित्र जमेल त्यांना. स्मरणचित्र कच्चं आहे," ते हवालदारांना सांगत होते. "डोळ्यांनी बघतात, पण बघून ठेवत नाहीत."

आमच्या सायबर कक्षात एक उपनिरीक्षक मॅडम होत्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, संगणकाचं शिक्षण घेऊन खात्यात आलेल्या. मी त्यांची थट्टा करायचो की तुमचा चोर कधी घामाघूम होत नाही, मग पकडायचा कसा. त्या हसून सोडून द्यायच्या. त्या दिवशी हसल्या नाहीत.

"सर, क्रमांक त्यांच्या घरचा आहे. पण पाठवणारा त्यांच्या घरात होता, असं तो क्रमांक सांगत नाही."

"म्हणजे?"

"चोर जाताना त्यांची चप्पल घालून गेला तर माती त्यांच्याच चपलेला लागणार. संगणकात मला काही सापडलं नाही, फोनमध्येही नाही. घरात नेटला जोडलेलं आणखी काय काय आहे?"

पंचनामा काढला. इतर किरकोळ सामान. हवालदार खाली बघायला लागले. दोष त्यांचा नव्हता, घाई माझी होती.

मॅडमनी मास्तरांनाच विचारलं. त्यांना कुठल्या यंत्राला काय म्हणतात ते सांगता येईना. मग म्हणाले, "मला कागद द्या. काढून दाखवतो."

कोरा कागद आणि हवालदारांची पेन्सिल घेऊन ते बाकावर बसले आणि गुडघ्यावर फाईल ठेवून त्यांनी आपला हॉल काढला. वीसेक मिनिटं लागली. ठाण्यात चोरीची तक्रार द्यायला आलेला एक भाजीवाला स्वतःची तक्रार विसरून मागे उभा राहून बघत होता. सोफ्यावरचा अभ्रा, भिंतीवरचा पत्नीचा फोटो, खिडकीतली तुळस, टीव्ही, सगळं होतं. आणि टीव्हीच्या खाली, एका विणलेल्या रुमालावर, छोटासा डबा. पुढे दोन दिवे.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"आईच्या मालिकांचा डबा. एक माणूस इमारतीत फुकट वाटून गेला. सगळे चॅनेल दिसतात. फक्त बंद करायचा नाही म्हणाला."

मी पुढे होऊन चित्र बघितल्यासारखं केलं आणि परत दिलं. "छान आहे. आता यात ईमेल कुठून पाठवला तेही दाखवा," असं मी म्हणालो. आजूबाजूचे हसले. मास्तर हसले नाहीत, त्यांनी पेन्सिल हवालदारांना परत केली. त्या वाक्याची लाज मला आजही वाटते.

मॅडमनी चित्र घडी न घालता आपल्या फाईलमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेबारा वाजता एका कॉलेजला तसाच ईमेल आला. त्या वेळी मास्तर माझ्यासमोर, चार हातांवर, बाकावर बसलेले होते. त्यांचा फोन आमच्या मुद्देमालात होता. तरी मी हट्टी माणूस. साथीदार असेल, म्हणालो. कंपनीकडून पत्ता आला तो उत्तनचा. मी, मॅडम आणि हवालदार निघालो.

उत्तनला एका कोळ्याचं घर निघालं. अंगणात बोंबील वाळत घातलेले, दारात पन्नाशीची बाई जाळं नीट करत बसलेली. नवरा बोटीवर गेलेला, घरात ती आणि तिची सासू. मी ईमेलचं विचारलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली.

"सायेब, आमी बोंबील सुकवतो. मेल न्हाय पाठवत."

"त्या भाईंदरच्या मोठ्या रुग्णालयात कधी गेला होता?"

"गेलेलू ना! माज्या नवऱ्याचा पाय वाकडा बसवला तिथल्या डॉक्टरनी. अजून लंगडतो. त्यांचं नाव काढू नका माज्यासमोर!"

माझ्यातला पोलीस लगेच सावध झाला. कारण मिळालं! आणि तेवढ्यात मला माझंच हसू आलं, आणि मग हसूही गेलं. या शहरात त्या रुग्णालयात कोण गेलं नाही? गोडदेव म्हणा, खारी म्हणा, उत्तन म्हणा, प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिथे जन्मलंय, नाहीतर गेलंय. प्रत्येकाची एक तक्रार आहे. मी ज्या घराचं दार वाजवलं असतं तिथे मला कारण सापडलंच असतं. मास्तरांचं दुःख मी पुरावा म्हणून वापरलं होतं.

बाईनं आत बोलावलं. मी कट्ट्यावरच टेकलो. मॅडम आत गेल्या आणि दोन मिनिटांत दारातून म्हणाल्या, "सर, जरा येता का?"

त्या टीव्हीसमोर उभ्या होत्या. त्यांनी फाईल उघडली, मास्तरांचं चित्र काढलं आणि टीव्हीशेजारी धरलं. तोच डबा. तेच दोन दिवे. एक स्थिर, एक लुकलुकणारा. मास्तरांनी एका दिव्याभोवती बारीक रेघा काढल्या होत्या, म्हणजे लुकलुकणारा कुठला तेही त्यांनी दाखवलं होतं.

"टीव्ही बंद आहे ना?" मॅडमनी बाईला विचारलं.

"सकालपासून बंद हाय."

"मग हा डबा कुणाशी बोलतोय?"

डबा कक्षात नेऊन तपासला, तो त्याच परदेशी सेवेशी जोडलेला निघाला आणि सगळा उलगडा झाला. ती परदेशी सेवा पैसे घेऊन गुन्हेगारांना लपवत होती ती अशी: गुन्हेगाराचा संदेश इथल्या लोकांच्या घरातल्या डब्यातून बाहेर काढायचा, म्हणजे पोलीस जातील ते त्या घरी. मास्तर, उत्तनची बाई आणि देव जाणे आणखी किती जण, सगळे त्या सेवेचा बुरखा झाले होते आणि बदल्यात त्यांना मालिका फुकट मिळत होत्या.

आता डबे वाटणारा हवा होता. डब्याच्या खाली चिठ्ठी चिकटवलेली होती: बिघडल्यास या क्रमांकावर फोन करा. डबा परत जागेवर ठेवून मॅडमनी बाईला तसा फोन करायला लावला, डबा बंद पडलाय म्हणून. मी हवालदारांना म्हटलं, "दोन-तीन दिवस तरी इथं पाळत ठेवावी लागेल." आपल्याकडे नळाची तक्रार केली तर चार दिवस कुणी फिरकत नाही. हा गृहस्थ फुकटच्या डब्यासाठी पाऊण तासात घामाघूम होऊन उत्तनला हजर! तिथेच मला कळलं की डब्याची किंमत टीव्ही बघणाऱ्यापेक्षा दुसऱ्याच कुणाला जास्त आहे.

तिशीचा माणूस, भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा भाड्यानं घेतलेला. त्याची चौकशी मीच केली, पण या वेळी बाकावर बसवून ठेवण्याची पद्धत वापरली नाही. समोर चहा ठेवला आणि एकच प्रश्न विचारला.

"डबा बंद का करायचा नाही?"

"साहेब, मैंने तो लोगों को फ्री में टीवी दिखाया."

"हो. पण बंद का करायचा नाही?"

"वो... कंपनीवाले बोलते थे."

"का बोलायचे?"

 मी त्याला बदामाच्या झाडाखालच्या बाळंतिणीचं सांगितलं, छत्रीचं सांगितलं. आवाज चढवला नाही. त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला.

"मेरी बेटी भी उसी हॉस्पिटल में हुई है," तो म्हणाला आणि मग मराठीत आला. "मला वाटलं होतं साहेब, की कायतरी गडबड आहे. पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काम गेलं असतं."

त्यानं गाळ्यातली यादी दिली, फोनमधले संदेश दिले. माझं काम झालं, उद्या मास्तरांना मोकळं करतो, असं मी धरून चाललो होतो. पण आयुक्तालयातून निरोप आला: थांबा. त्याच सेवेच्या मागे केंद्रातली यंत्रणा होती, आणखी काही देशांचे पोलीस होते. सगळ्यांनी मिळून एकाच वेळी तिचा गळा आवळायचं चाललं होतं. आपण इथे डबे गोळा केले असते तर मालक सावध झाले असते आणि महिनाभरात दुसऱ्या नावानं उभे राहिले असते. तोवर कुणाला काही सांगायचं नाही. तीन आठवडे तरी.

तीन आठवडे म्हणजे मास्तरांच्या मुलांची परीक्षा तोंडावर. रविवारी दुपारी मी साध्या कपड्यांत त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या आईंनी पाणी दिलं. मी सरळ सांगितलं.

"मास्तर, माझी चूक झाली. तुमचा काही संबंध नाही, हे मला आता नक्की माहीत आहे. पण हे मी अजून बाहेर सांगू शकत नाही. शाळेतही नाही. सांगितलं तर ज्यांनी हे केलं ते निसटतील."

 आई पुन्हा सोफ्यावर मालिका बघायला बसल्या होत्या, तिचा आवाज येत होता.

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

"इमारतीत अजून कुणी बोलत नाही माझ्याशी," ते म्हणाले. "दूधवालासुद्धा पिशवी लांबून ठेवतो. मुलांचं तर तुम्हाला माहीत आहेच." मग त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "तो डबा चालूच ठेवायचा का?"

 ज्या डब्यानं त्यांचं नाव घालवलं, तो ते स्वतःच्या घरात चालू ठेवायला तयार होते. मॅडमनी त्याच घरातून, त्यांच्या परवानगीनं, डब्यावर नजर ठेवली. सगळे डबे हुकूम घ्यायला इंटरनेटवरच्या ज्या एका ठिकाणी जात होते, ते ठिकाण त्या डब्यावरूनच सापडलं. बाहेरच्या देशांच्या पोलिसांना नेमका तोच दुवा हवा होता. मास्तरांनी ते तीन आठवडे रोज जिना चढता-उतरता लोकांच्या नजरा झेलल्या आणि एका शब्दानं कुणाला काही सांगितलं नाही. माझ्या खात्यातल्या कित्येकांना एवढं जमलं नसतं. मला जमलं असतं का, सांगता येत नाही.

तो दिवस उजाडला. दुपारी तीन वाजता आम्ही आयुक्तालयातल्या खोलीत पडद्यासमोर बसलो होतो. त्याच मिनिटाला साध्या कपड्यातली आमची पथकं डबे काढायला शहरातल्या दारादारांवर उभी होती. तीनला दोन मिनिटं असताना त्या सेवेचं पान नेहमीसारखंच होतं, 'तुम्हाला कुणीच शोधू शकणार नाही' असं मिरवणारं. तीन वाजले. पान गेलं, आणि त्या जागी अनेक देशांच्या पोलिसांची बोधचिन्हं आणि एक ओळ आली: ही सेवा बंद करण्यात आली आहे. त्यांच्या यंत्रांतल्या सगळ्या नोंदी ताब्यात आल्या होत्या. नोंदी ठेवत नाही म्हणणाऱ्यांनी सगळ्या ठेवल्या होत्या! रुग्णालयाला धमकी देणारा इसम त्यातूनच सापडला. दुसऱ्या राज्यातला, या शहरात कधी पाऊलही न ठेवलेला. माणसं घाबरून पळताना बातम्यांमध्ये बघायला मजा यायची, असं त्यानं जबाबात सांगितलं.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत. डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सर, आता मास्तरांकडे जाऊया."

त्यांच्या घरचा डबा आम्हीच काढला. या वेळी हवालदारांनी पंचनाम्यात विणलेल्या रुमालापासून तुळशीच्या कुंडीपर्यंत सगळं लिहिलं. संध्याकाळच्या मालिकेतल्या लग्नाआधी डबा नेला म्हणून मास्तरांच्या आई मात्र माझ्यावर रागावल्या, त्या अजून रागावलेल्याच आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गणवेशात, मास्तरांना घेऊन शाळेत गेलो. प्रार्थना संपल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी मला पुढे बोलावलं. मी फार बोललो नाही. या शिक्षकांवर संशय घेतला तो मी, चूक झाली ती माझी, आणि ज्यांनी शहराला छळलं त्यांना पकडण्यात या शिक्षकांचा हात आहे, एवढंच सांगितलं.  मग मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग ती थांबेना. मास्तर खाली बघत उभे होते. टाळ्या थांबल्यावर म्हणाले, "पुरे आता. परीक्षेला चार दिवस राहिलेत. वर्गात चला."

मी निघालो होतो, पण त्यांनी थांबवलं. "साहेब, स्मरणचित्राचा विषय तुम्ही द्या."

मला पटकन दुसरं काही सुचलं नाही. "आपल्या घरचा हॉल," मी म्हणालो.

चौतीस डोकी खाली झाली. मी बाकांमधून फिरू लागलो. एकानं भिंतीवरची पाल काढली होती, एकीनं आजोबांची काठी. आणि चौथ्या बाकावर, टीव्हीच्या खाली, एक काळा डबा. दोन दिवे. मी मॅडमना फोन लावला. त्या चौतीस चित्रांत आम्हाला पाच डबे मिळाले, त्यातले दोन गाळेवाल्याच्या यादीत नव्हते! मास्तर माझ्या खांद्यामागून चित्रं बघत होते. "स्मरणचित्र सुधारलंय यांचं," ते म्हणाले. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला कुठल्याही पदकाच्या समारंभात दिसलेलं नाही. सगळी मुलं पास झाली, आणि शनिवारचा वर्ग पुढच्याच आठवड्यात भरला. जिन्यात चपला ठेवायला जागा नव्हती, असं हवालदार सांगत होते.

काही महिन्यांनी मी निवृत्त झालो. मॅडमनी निरोप समारंभात मला ते चित्र चौकट करून दिलं. मास्तरांनीच तशी परवानगी दिली होती. घरी आल्यावर मी ते पहिल्यांदा शांतपणे पाहिलं. सोफा, तुळस, फोटो, टीव्ही, डबा. आणि दाराजवळ, ज्याच्याकडे मी त्या दिवशी लक्षच दिलं नव्हतं, एक माणूस. पाठमोरा. खांद्यावरचे तारे काढले होते, म्हणजे तो मीच. टीव्हीकडे पाठ करून उभा होतो, डबा माझ्या मागे दोन हातांवर होता. आणि पायात बूट होते. मास्तरांच्या पत्नीच्या फोटोसमोरच्या चटईवर, बूट घालून.

त्यांनी तेव्हा मला काही म्हटलं नव्हतं, नंतरही कधी म्हटलं नाही. जे दिसलं ते काढलं होतं. तपासाबद्दल मला कुणी व्याख्यानाला बोलावलं की मी नव्या अधिकाऱ्यांना तेच चित्र दाखवतो आणि विचारतो, यात चूक कुठे आहे? बहुतेक जण डब्याकडे बोट दाखवतात. मी त्यांना आणखी थोडा वेळ बघायला सांगतो.